तुमच्या घरचं विरजण आणि त्यातले जिवाणू : सोलापुरात आम्हाला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापूर शहरात आणि मंगळवेढा, मोहोळ, अक्कलकोट या तालुक्यांत आम्ही घरोघर फिरून दही, ताक, आंबील, इडलीचं आंबलेलं पीठ यांचे नमुने मागतो. मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. सोबत माझे विद्यार्थी असतात. ओसरीवर बसल्यावर जे प्रश्न हमखास येतात, ते उत्तरांसह इथे मांडले आहेत.

चमचाभर विरजणासाठी एवढ्या उन्हाचं का फिरता?

मंगळवेढ्याकडच्या एका आजींनी पहिल्यांदा हे विचारलं तेव्हा त्यांच्या हातात लोटकं होतं आणि मे महिना होता. त्यांचं विरजण सासूकडून आलेलं, सासूकडे तिच्या सासूकडून. मध्ये कधी मोडलं तर शेजारून आणायचं, पण ते शेजारचंही मुळात याच घरातून गेलेलं.

आम्ही फिरतो ते याचसाठी. रोज रात्री कालच्या दह्याचा थोडा भाग आजच्या दुधात जातो. म्हणजे जिवाणूंची एक वंशावळ पिढ्यान्पिढ्या त्या घरात नांदते. त्यात कोण कोण आहे आणि एका घरचे जिवाणू दुसऱ्या घरच्यांपेक्षा किती वेगळे आहेत, हे आम्हाला पाहायचं असतं. हे धन कुठेच लिहिलेलं नाही. घरात दही लावायचं थांबलं की आठवड्याभरात ते संपतं, आणि कुणाला त्याची खबरही लागत नाही.

जिवाणू म्हणजे रोगजंतूच ना?

नाही. दह्यातले जिवाणू लॅक्टिक आम्ल तयार करतात. दुधातली साखर खातात आणि आम्ल सोडतात. दुधाचा पीएच साधारण 6.6 असतो, तो 4.6 च्या जवळ आला की केसीन नावाचं प्रथिन एकत्र येतं आणि दही लागतं. याच आंबटपणामुळे बरेचसे रोगजंतू तिथे तग धरू शकत नाहीत. फ्रिज नव्हते त्या काळात आपल्या लोकांनी दूध टिकवलं ते या जिवाणूंच्या जोरावर.

जनुकीय विविधता म्हणजे नेमकं काय? सोप्या शब्दांत सांगा.

ज्वारीचं उदाहरण घेऊ, कारण ते आपल्या जिल्ह्याचंच आहे. ज्वारी ही एक प्रजाती. पण मालदांडी, फुले वसुधा, परभणी मोती हे तिचे वेगवेगळे वाण. भाकरीची चव वेगळी, कडब्याची गोडी वेगळी, दुष्काळात तग धरायची ताकद वेगळी. नुसतं ज्वारी म्हटलं तर यातलं काहीच कळत नाही.

जिवाणूंचंही तसंच. लॅक्टोकॉकस लॅक्टिस हे प्रजातीचं नाव. तुमच्या घरच्या दह्यात एक वाण असेल, शेजारणीच्या दह्यात दुसरा. दोघांची बरीचशी जनुकं सारखी असतात. त्या समाईक भागाला गाभा म्हणू. उरलेली जनुकं वाणागणिक बदलतात. एक वाण वास देतो, दुसरा देत नाही. एकाला विषाणू मारतो, दुसरा निभावून नेतो. आमचं सगळं लक्ष या बदलणाऱ्या भागावर असतं. कोणती प्रजाती सापडली एवढं सांगून काम संपलं असं मानणारे अहवाल मला अपुरे वाटतात.

मालदांडीची आणखी एक गोष्ट इथे सांगण्यासारखी आहे. आज सगळीकडे पेरला जाणारा एम 35-1 हा वाण आपल्या मोहोळमध्ये, शेतकऱ्यांच्या मालदांडीतून निवडून काढलेला आहे. निवड करता आली, कारण शेतात आधी विविधता होती. कारखान्यात वापरली जाणारी दह्याची कल्चरंही, म्हणजे तयार विरजणंही, अशीच लोकांच्या दुधादह्यातून वेचलेली आहेत. वेचणारा पुन्हा येईल तेव्हा शेतात काही उरलेलं हवं.

एकाच विरजणातून दिलं, तरी शेजारणीचं दही आमच्यासारखं लागत नाही. असं का?

हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक घरात येतो, आणि मला तो फार आवडतो.

विरजणात एकच जिवाणू नसतो, कुटुंब असतं. लॅक्टोकॉकस लॅक्टिसला साधारण 30 अंशांचं दूध मानवतं. 40 च्या पुढे तो जवळजवळ थांबतो. स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस मात्र 40-42 अंशांना जोरात वाढतो. तुम्ही दूध कोमट झाल्यावर विरजण घालता, शेजारीण थोडं गरम असतानाच घालते. पहिल्या रात्री फरक थोडा पडतो. पण त्याच दह्यातून दुसऱ्या दिवशी, मग तिसऱ्या. महिनाभरात दोन घरांत दोन वेगळ्या टोळ्यांचं राज्य येतं.

सोलापूरचा उन्हाळा हेच काम सगळ्यांच्या घरात एकदम करतो. मे महिन्यात पारा 40 च्या वर असतो, रात्रीसुद्धा स्वयंपाकघर तापलेलं असतं. उष्णता सोसणारे वाण पुढे येतात, दही लवकर लागतं आणि सकाळपर्यंत आंबट ढाण होतं. डिसेंबर-जानेवारीत तेच विरजण गोड, अदमुरं दही देतं. म्हणून आम्ही एका घरी दोनदा येतो, एकदा संक्रांतीच्या सुमारास आणि एकदा अक्षय्य तृतीयेनंतर. एकाच नमुन्यावरून घराचं विरजण कळलं असं म्हणता येत नाही.

दूध कोणाचं, म्हशीचं की गाईचं, भांडं मातीचं की स्टीलचं, यानेही फरक पडतो. मातीचं गाडगं पाझरतं, दूध थोडं गार ठेवतं, आणि धुतलं तरी त्याच्या छिद्रांत जुने जिवाणू राहतात. काही आजी विरजणाशिवायही गाडग्यात दूध लावतात ते या भरवशावर.

दह्याला तार सुटते ते खराब झालं म्हणून का?

बहुतेक वेळा नाही. काही वाण साखरेच्या रेणूंच्या लांबलचक चिकट साखळ्या तयार करून बाहेर सोडतात. चमचा उचलला की तार येते ती त्यांचीच. वास नेहमीसारखा आंबटगोड असेल तर दही खायला हरकत नाही. उत्तर युरोपात अशी तार येणारी दुधाची पेयं लोक मुद्दाम करतात. गुलाबी, नारिंगी छटा आली, बुरशी धरली किंवा कुजका वास आला, तर मात्र टाकून द्या.

या तारेमागची जनुकांची गंमत पाहा. लॅक्टोकॉकसमध्ये ही जनुकं बऱ्याचदा मुख्य गुणसूत्रावर नसतात. ती प्लाझ्मिडवर, म्हणजे डीएनएच्या एका छोट्या सुट्या कडीवर असतात. ही कडी एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकते, आणि हरवूही शकते. जास्त उष्णतेत वारंवार वाढवलं की ती गळून पडते. हिवाळ्यात तार येणारं दही उन्हाळ्यात तार सोडून देतं, त्याचं हे एक कारण असू शकतं.

दुधातली साखर पचवायचीच जनुकं या जिवाणूत बहुधा प्लाझ्मिडवर असतात! लोण्याला जो खास वास येतो तो डायअॅसिटिल या द्रव्याचा; ते दुधातल्या सायट्रेटपासून बनतं, आणि सायट्रेट पेशीत आत घेणारं जनुकही लॅक्टोकॉकसच्या सुवासिक वाणांत प्लाझ्मिडवर असतं. ताक घुसळताना ज्या वासाने घरातली पोरं रवीजवळ जमतात, तो वास असा एका सुट्या कडीच्या आधाराने पिढ्या पार करत आलेला आहे. कडी गेली की जिवाणू तोच, नाव तेच, पण लोणी मुकं.

या जिवाणूंचा संपूर्ण डीएनए कुणी वाचला आहे का?

हो. लॅक्टिक आम्ल जिवाणूंपैकी पहिला पूर्ण वाचला गेला तो लॅक्टोकॉकस लॅक्टिस, 2001 मध्ये. सुमारे 24 लाख अक्षरांचा. 2003 मध्ये लॅक्टोबॅसिलस प्लँटारम (पुढे नुसतं प्लँटारम) या जिवाणूचा आला, सुमारे 33 लाखांचा. दह्यातला थर्मोफिलस 2004 मध्ये आणि दह्यातलाच लॅक्टोबॅसिलस बल्गेरिकस 2006 मध्ये. दोघेही जेमतेम 18-19 लाखांचे.

या आकड्यांत एक इतिहास आहे. प्लँटारम कुठेही राहतो: पानांवर, आंबलेल्या धान्यात, लोणच्यात, माणसाच्या आतड्यात. नाना तऱ्हेच्या साखरा पचवायची हत्यारं तो जवळ बाळगतो. थर्मोफिलस आणि बल्गेरिकस हजारो वर्षं दुधातच वाढले. दुधात सगळं आयतं मिळतं, म्हणून नको असलेली जनुकं मोडत गेली. थर्मोफिलसची सुमारे दहा टक्के जनुकं आज मोडकी, बंद पडलेली आहेत. माणसाने गाय माणसाळवली, तसे हे जिवाणूही माणसाळले, आणि त्याची खूण त्यांच्या डीएनएत राहिली. एकमेकांवरही ते अवलंबून असतात: बल्गेरिकस दुधातली प्रथिनं फोडून थर्मोफिलसला देतो, थर्मोफिलस त्याला फॉर्मिक आम्ल पुरवतो. दोघं मिळून दही लवकर लावतात, एकेकटे रेंगाळतात.

येळवशीच्या आंबिलात दह्याचेच जिवाणू असतात का?

काही अंशी. आपल्याकडे, लातूर-धाराशिवकडे आणि सीमेपलीकडच्या कर्नाटकात मार्गशीर्ष अमावस्येला शेतात येळवस हा सण होतो. भज्जी, उंडे आणि बिंदग्यात आंबील. आंबिलात ताक असतं आणि ज्वारीचं पीठ असतं, म्हणजे दोन वेगळ्या जगांतले जिवाणू एकत्र येतात. ताकातून दुधाला सरावलेले येतात. पिठासोबत धान्यावरचे येतात. आंबवलेल्या ज्वारीत प्लँटारम, फर्मेंटम, वायसेला, पेडिओकॉकस हे नेहमी भेटणारे.

लॅक्टोकॉकसच्या बाबतीत तर असं दिसतं की ही प्रजाती मुळात वनस्पतींवरची, आणि तिथून दुधात आली. झाडपाल्यावर सापडणाऱ्या वाणांत वनस्पतींच्या साखरा पचवायची जनुकं अजून शाबूत असतात, दुधातल्या वाणांनी त्यातली बरीच घालवली आहेत. विरजण नसेल तेव्हा हिरव्या मिरचीची देठं दुधात टाकायची आजीची युक्तीही याच नात्यावर उभी आहे. म्हणून आंबील आम्हाला दह्याहून मोलाचं वाटतं. आणि प्रत्येक घराची रीत निराळी: कुणी रात्रभर ताकात पीठ भिजवून सकाळी शिजवतं, कुणी आधी कण्या शिजवून गार झाल्यावर ताक घालतं आणि वर लसूण, जिरं. नमुना देताना तुमची रीत जरूर सांगा. तेवढ्यावर अर्धा निष्कर्ष अवलंबून असतो.

शिजवल्यावर जिवाणू मरतात. मग आंबवण्याचा काय फायदा?

जिवाणू मरतात, पण त्यांनी केलेलं काम पदार्थात राहतं. ज्वारीत फायटिक आम्ल असतं. ते लोह, जस्त यांना धरून ठेवतं आणि शरीराला मिळू देत नाही. पीठ आंबलं की धान्यातलंच एक विकर जागं होतं आणि ते फायटिक आम्ल फोडतं. चव आणि पचायला हलकेपणा हा वरचा लाभ. जिवंत जिवाणू पोटात जायला हवे असतील तर वरून ताक घातलेली आंबील घ्या.

इडलीच्या पिठात आम्ही विरजण घालत नाही. ते फुगतं कसं?

सोलापूरच्या पूर्वभागातल्या तेलुगू घरांत आणि अक्कलकोट रस्त्याच्या कन्नड घरांत हा प्रश्न ठरलेला. जिवाणू उडीद डाळ आणि तांदळासोबतच येतात. भिजत असतानाच ते वाढू लागतात. पीठ फुगवण्याचं मुख्य काम ल्युकोनोस्टॉक मेसेंटरॉईड्सचं. तो आम्लासोबत कार्बन डायऑक्साइड वायू सोडतो, आणि उडदाचा चिकटपणा तो वायू धरून ठेवतो. 1965 मध्ये हे प्रसिद्ध झालं, तेव्हापासून ते मान्य आहे. हाताने फेटलेलं पीठ चांगलं येतं असं मावश्या सांगतात. पाव करणाऱ्या कारागिरांच्या हातांवर आंबवणीतले जिवाणू भरपूर सापडतात हे बाहेरच्या देशांत दाखवलं गेलं आहे. हाताला चव असते या आपल्या म्हणण्याला मी म्हणूनच हसत नाही.

कुरडईच्या गव्हाचं आणि लोणच्याचं काय?

कुरडईचा गहू तीन दिवस भिजतो, आंबतो आणि मग चीक निघतो. रोज पाणी बदलल्याने आंबटपणा आटोक्यात राहतो. चौथ्या दिवसापर्यंत थांबणाऱ्या घरांचे नमुने आम्हाला जरूर हवेत. आपलं तेलातलं कैरीचं लोणचं मात्र मीठ, तेल आणि मुळातल्या आंबटपणावर टिकतं. तिथे आंबवण कमीच.

नमुना नेल्यावर तुम्ही करता काय?

निर्जंतुक कुपीत दही घेतो, बर्फाच्या डब्यात ठेवतो आणि त्याच दिवशी काम सुरू करतो. दही दहा-दहा पटींनी पातळ करत न्यायचं, कारण चांगल्या ताज्या दह्यात एका ग्रॅमला दहा कोटींच्या घरात जिवाणू असू शकतात. शेवटच्या नळीतला थेंब एमआरएस आगरच्या थाळीवर पसरतो. जिवाणू वाढवायचं हे माध्यम 1960 पासून जगभर वापरात आहे. लॅक्टोकॉकस आणि थर्मोफिलससाठी एम17 नावाचं वेगळं घेतो.

दोन दिवसांनी झाकण उघडलं की थाळीवर मोहरीएवढे, पांढुरके, ओले ठिपके दिसतात. एकेक ठिपका म्हणजे एका जिवाणूची संतती. त्यातला कण काचपट्टीवर घेऊन वर हायड्रोजन पेरॉक्साइडचा थेंब टाकायचा. फसफसलं तर तो आपला, म्हणजे लॅक्टिक आम्ल जिवाणू, नाही. थेंब शांत राहिला तर पुढे जायचं. पहिल्यांदा हा शांत थेंब पाहताना विद्यार्थी श्वास रोखून उभे असतात. मग रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली: जांभळे मणी माळेत ओवलेले, नाहीतर जांभळ्या काड्या.

त्यानंतर डीएनए. यांची पेशीभित्ती जाड असते, म्हणून आधी लायसोझाइमने ती सैल करावी लागते. शेवटी थंडगार अल्कोहोलमध्ये पांढरा, कापसाच्या तंतूसारखा डीएनए वर येतो. प्रजाती ओळखायला 16एस या सुमारे 1,500 अक्षरांच्या जनुकाचा क्रम वाचतात. पण या जनुकावरून वाण कळत नाही. प्लँटारम आणि पेंटोसस या दोन वेगळ्या प्रजातीसुद्धा त्यावरून धड वेगळ्या करता येत नाहीत. तिथे रेकए हे दुसरं जनुक पाहावं लागतं. वाणासाठी डीएनएच्या पट्ट्यांचे ठसे घेतात, किंवा शक्य असेल तर पूर्ण जीनोम, म्हणजे संपूर्ण डीएनए, वाचतात.

लॅक्टोबॅसिलसचं नाव बदललं म्हणे?

2020 मध्ये. त्या एका प्रजातिगणात 261 प्रजाती कोंबल्या होत्या, आणि त्यांच्यातलं अंतर एका घराण्यात शोभणार नाही एवढं होतं. जीनोम पाहून 25 गण केले. प्लँटारम आता लॅक्टिप्लँटिबॅसिलस, फर्मेंटम आता लिमोसिलॅक्टोबॅसिलस. दह्यातला बल्गेरिकस लॅक्टोबॅसिलसच राहिला. डब्यावर जुनं नाव दिसलं तर फसवणूक समजू नका.

दह्याचा आणि क्रिस्परचा काय संबंध?

सख्खा. जिवाणूंनाही विषाणू लागतात, त्यांना फाज म्हणतात. दुग्धालयात फाज शिरला की हंडे भरून दूध न लागता वाया जातं. 2007 मध्ये दह्याच्या कल्चरवर काम करणाऱ्या संशोधकांनी थर्मोफिलसमध्ये दाखवलं, की हल्ल्यातून वाचलेला जिवाणू फाजच्या डीएनएचा तुकडा आपल्या क्रिस्पर नावाच्या भागात जपून ठेवतो आणि पुढच्या वेळी त्याला ओळखून कापतो. पुढे याच यंत्रणेतून जनुकं कापण्याचं साधन घडलं, आणि 2020 चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यासाठी शार्पेंटिए आणि डाउडना यांना मिळालं.

घरच्या विरजणात एकच वाण नसतो, म्हणून एक फाज आला तरी दुसरा वाण सांभाळून घेतो. विविधतेचा हा फायदा मला सर्वांत मोठा वाटतो.

मग पाकिटातलं दही वाईट का?

वाईट नाही. स्वच्छ असतं, चव रोज सारखी असते, आणि ज्या घरात दोघंही कामावर जातात तिथे त्याची सोय मोठी आहे. माझं म्हणणं एवढंच, की कारखान्याला ठरावीक थोडे वाण पुरतात. घराघरांतलं विरजण बंद करून सगळ्यांनी त्याच पाकिटातून लावायला सुरुवात केली, तर जिल्हाभर तेच थोडे वाण राहतील. पाकीट आणा, पण घरचं गाडगं बंद करू नका.

घरचं दही प्रोबायोटिक आहे का?

त्या शब्दाला नेमका अर्थ आहे: ज्या वाणाचा आरोग्याला फायदा तपासून सिद्ध झाला आहे, तो वाण जिवंत आणि पुरेशा प्रमाणात असणं. गुण वाणाचा असतो, प्रजातीचा नव्हे. तुमच्या दह्यातला वाण तपासलाच गेला नसेल, तर हा शब्द वापरू नका. तरीही घरचं दही उत्तम अन्न आहे.

अँटिबायोटिकला दाद न देणारी जनुकं यात असतात का?

असू शकतात, आणि तपासणं आवश्यक आहे. काही जिवाणूंना व्हँकोमायसिन हे अँटिबायोटिक मुळातच लागू पडत नाही. तो गुण गुणसूत्रात पक्का असतो, दुसऱ्याला जात नाही. पण टेट-एम, ईआरएम-बी अशी जनुकं सुट्या कड्यांवरून इतर जिवाणूंकडे जाऊ शकतात. म्हणून एखादा वाण कल्चर म्हणून द्यायच्या आधी हे पाहतात. जनावराला अँटिबायोटिक दिल्यावर सांगितलेले दिवस ते दूध वापरू नका. त्या दुधात विरजण लागतही नाही, हे गवळी तुम्हाला सांगतील.

आमच्या विरजणावर कुणी पेटंट घेतलं तर?

निसर्गात जसाच्या तसा सापडलेला जीव भारतीय पेटंट कायद्यात पेटंट होत नाही. आणि भारतातल्या जैविक संसाधनावर आधारित शोधाला पेटंट हवं असेल, तर 2002 च्या जैवविविधता कायद्यानुसार चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाकडे जावं लागतं. प्रत्येक गावाने लोकजैवविविधता नोंदवही ठेवायची असते. तिच्यात झाडं, पिकं, जनावरं लिहितात. येळवशीच्या आंबिलाची रीत आणि जुन्या विरजणाची घरंही तिच्यात लिहावीत, असा माझा ग्रामपंचायतींना आग्रह आहे.

विरजण मोडू नये म्हणून काय करायचं?

रोज लावणं हाच खरा उपाय. गावाला जाणार असाल तर ताज्या, गोडसर दह्याचे बर्फाच्या ट्रेमध्ये खडे करून फ्रीझरमध्ये ठेवा. काही आठवडे चालतं; आल्यावर दोन-तीन वेळा लावलं की पूर्ववत होतं. फ्रीझर नसेल तर उकळून घेतलेलं सुती फडकं दह्यात भिजवून सावलीत कडक वाळवा, उन्हात नको. आणि दोन-तीन घरांत विरजण वाटून ठेवा.

यात सगळे वाण टिकत नाहीत. प्रयोगशाळेत आम्ही ग्लिसरॉल घालून उणे 80 अंशांना ठेवतो, आणि पुण्यात यासाठी राष्ट्रीय पातळीवरचे संग्रह आहेत. पण एकाच ठिकाणचा साठा पुरेसा नाही, हे मी स्वतः भोगलं आहे. एका मे महिन्यात शनिवार-रविवार वीज गेली, आमचा फ्रीझर बंद पडला आणि दुसरी प्रत करायची राहिलेल्या कुप्या वितळून सडल्या. त्यात मंगळवेढ्याच्या त्या आजींचं विरजण होतं. पुन्हा मागायला गेले तेव्हा आजी वारल्या होत्या. सुनेने फ्रिज उघडून दाखवला, आत पाकीट होतं. शेजारच्या तीन घरांत विचारलं. तिसऱ्या घरातल्या काकू म्हणाल्या, आमचं विरजण त्यांच्याकडूनच आणलेलं, दिवाळीपासून मोडलेलं नाही. त्यांनी वाटीभर दिलं. आता त्याच्या दोन प्रती दोन ठिकाणी आहेत.

नमुना द्यायचा असेल तर काय लागतं?

दोन चमचे दही, आदल्या रात्री लावलेलं, साखर-मीठ न घातलेलं. उकळत्या पाण्याने धुतलेल्या वाटीत काढून झाकून ठेवा. विरजण कुठून आलं, दूध कोणत्या जनावराचं आणि कोणत्या भांड्यात लावता, हे आम्ही विचारू. सकाळी नऊच्या आत येतो, म्हणजे ऊन चढायच्या आत शहरात पोचता येतं.